लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतोय? फॉर्मेट मारण्याआधी ‘ऑटोरन्स’ चालवून पाहा

लॅपटॉप हळू झाला म्हणून दुकानात नेला की इंदुरात हमखास ऐकू येतं, ‘भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा.’ कधी कधी ते खरंही असतं. पण फॉर्मेट मारल्यावर टॅली पुन्हा बसवा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर शोधा, प्रिंटर जोडा, मराठी टायपिंगची सोय नव्याने लावा. शिवाय कुठल्याशा फोल्डरात राहून गेलेले लग्नाचे फोटो गेले, हे महिन्याभराने लक्षात येतं ते वेगळंच. एवढं सगळं ओढवून घेण्याआधी तासाभराचा वेळ काढा आणि एकच गोष्ट तपासा: विंडोज सुरू होताना त्याच्यासोबत कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात?

मी रामबागेत राहते आणि सियागंजातल्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं घरून करते. आधी माझा स्वतःचा लॅपटॉप मार्गी लावला, मग शेजारपाजारचे आणि नात्यातले लॅपटॉप हाताखालून गेले. बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. वर्षानुवर्षं बसवलेले प्रोग्रॅम कोणाला न विचारता सुरुवातीच्या यादीत जाऊन बसलेले, आणि त्यातल्या निम्म्यांचं आता घरात कोणाला कामच नाही. हे सगळं आवरायला पैसे लागत नाहीत. थोडी चिकाटी लागते आणि कुठे हात लावू नये याची नीट माहिती लागते. या लेखात दुसऱ्या गोष्टीवरच जास्त भर आहे.

पडद्यावरची नावं तुम्हाला इंग्रजीत दिसतील. मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सगळं वर्णन विंडोज १० आणि ११ चं आहे.

आधी एवढं समजून घ्या

आपोआप सुरू होण्यासाठी प्रोग्रॅमला विंडोजमध्ये अनेक दारं आहेत. सगळ्यात साधं दार म्हणजे ‘स्टार्टअप’ नावाचं फोल्डर. दुसरं, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं त्या कोठारातली, ‘रन’ नावाची नोंद. तिसरं, टास्क शेड्युलर, म्हणजे ‘लॉगिन झालं की हे चालव’ अशी लावून ठेवलेली कामं. चौथं, सर्व्हिसेस, ज्या तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच पडद्यामागे सुरू झालेल्या असतात. याखेरीज ड्रायव्हर आणि एक्सप्लोररला चिकटलेले तुकडे वेगळेच. विंडोजचा टास्क मॅनेजर यातली मोजकीच दारं दाखवतो. ऑटोरन्स हा छोटा प्रोग्रॅम जवळजवळ सगळी दाखवतो, म्हणून ते उपयोगाचं आणि म्हणूनच जपून वापरायचं.

ऑटोरन्स फुकट आहे आणि ते मायक्रोसॉफ्टचंच आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी ते ‘सिसइंटर्नल्स’ या आपल्या साधनसंचात तयार केलं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. त्यात जाहिराती नाहीत, ‘पूर्ण आवृत्तीसाठी पैसे भरा’ नाही. ‘तुमच्या लॅपटॉपमध्ये हजार चुका सापडल्या’ असं घाबरवणाऱ्या सफाईवाल्या प्रोग्रॅमांपेक्षा हे शंभरपट बरं. तसला एखादा प्रोग्रॅम तुमच्याकडे असेल तर तोही बहुधा याच यादीत ठाण मांडून बसलेला सापडेल.

काय काय लागेल

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. बऱ्याच घरांत हा मुलालाच माहीत असतो आणि मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला. आधी फोन करून घ्या.
- महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. टॅली वापरत असाल तर तिचा बॅकअप वेगळा.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. ही की ४८ अंकी असते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केल्यावर सापडते. कागदावर उतरवून कपाटात ठेवा.
- वही आणि पेन. काय बंद केलं, कधी केलं, एवढंच लिहायचं. फोनमध्ये फोटो काढलात तरी चालेल.
- निवांत वेळ. जीएसटीचं काम करणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आसपास या वाटेला जाऊ नये. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला भरायचा असेल तर तो आधी भरा, मग हे.

१. हात लावण्याआधी मोजून घ्या

लॅपटॉप ‘शट डाउन’ करून सुरू केला तर मोजमाप फसवं येतं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करतानाही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून रीस्टार्ट करा, पासवर्ड टाका आणि ब्राउझर उघडून वापरण्याजोगा होईपर्यंत किती वेळ गेला ते वहीत लिहा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. दोन गोष्टी बघा. ‘स्टार्टअप’ विभागात वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ लिहिलेला असतो. विंडोज सुरू होण्याच्या आधीच लॅपटॉपने किती सेकंद घेतले, ते तिथे कळतं. हाच आकडा मोठा असेल तर स्टार्टअपची यादी आवरून फारसा फरक पडणार नाही.

दुसरं, ‘परफॉर्मन्स’ विभागात डिस्कच्या खाली ‘एचडीडी’ लिहिलंय की ‘एसएसडी’ ते पाहा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर यादी आवरल्याने आराम पडेल, पण खरा उतारा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवणं हाच. त्यासाठी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानांत भाव विचारा, आणि जुनी डिस्क नव्यावर जशीच्या तशी क्लोन करून देणार का, हे आधी ठरवून घ्या. क्लोन केलं तर तुमची टॅली, टोकन, टायपिंग सगळं जागच्या जागी राहतं.

२. परतीची वाट तयार ठेवा

स्टार्ट मेनूत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर ‘कॉन्फिगर’मधून ते चालू करा, मग ‘क्रिएट’ दाबा आणि तारखेसह नाव द्या. दोन मिनिटांचं काम आहे. बरेच जण ते टाळतात आणि नेमकी त्यांनाच नंतर त्याची गरज पडते.

३. सोपं ते आधी टास्क मॅनेजरमध्ये

ऑटोरन्स उतरवण्याआधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून एकदा नजर फिरवा. प्रत्येक नावापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असतो: हाय, मीडियम, लो. सुरू होताना ज्याने प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त उलाढाल केली, त्याला विंडोज ‘हाय’ म्हणतं. हा शिक्का त्या प्रोग्रॅमचं वजन सांगतो. तो तुम्हाला हवा की नको, ते तुम्हीच ठरवायचं.

ओळखीची आणि नक्की नको असलेली नावं इथेच राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा: गाण्यांचं अ‍ॅप, खेळांचे लाँचर, टॉरेंट, मीटिंगची अ‍ॅप्स. डिसेबल केल्याने अ‍ॅप जात नाही. तुम्ही उघडाल तेव्हा ते नेहमीसारखं उघडतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅप्ससाठीही हीच जागा धरा, किंवा सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ आणि त्यात ‘स्टार्टअप’.

एक शिस्त मात्र पाळा. जे इथून बंद केलं ते इथूनच चालू करायचं आणि जे ऑटोरन्समधून बंद केलं ते ऑटोरन्समधूनच. ऑटोरन्स बंद केलेली नोंद उचलून स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं, त्यामुळे ती टास्क मॅनेजरच्या यादीत दिसेनाशी होते. मग ‘अरे, इथे होतं ते गेलं कुठे’ म्हणून शोधाशोध सुरू होते.

बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. भागलं तर खुशाल थांबा.

४. ऑटोरन्स मूळ ठिकाणाहूनच उतरवा

पहिला खरा धोका इथे आहे. सर्चमध्ये नाव टाकलं की वर जाहिराती येतात आणि भलत्याच साइटवर मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसतं. तिथून भलतंच काही घरात शिरू शकतं. पत्ता ‘लर्न डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ने सुरू होतोय ना, हे वाचून खात्री करा आणि त्यातल्या सिसइंटर्नल्स विभागातूनच झिप फाइल घ्या. ती अगदी छोटी आहे.

झिपवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा. झिपच्या आतूनच चालवू नका. फोल्डरमध्ये सारख्याच नावाच्या बऱ्याच फायली दिसतील. नेहमीच्या ६४ बिट लॅपटॉपसाठी जिच्या नावात ‘ऑटोरन्स’च्या पुढे नुसतं ‘६४’ आहे ती घ्या. ‘ऑटोरन्स’च्या पुढे ‘सी’ असलेल्या फायली काळ्या कमांडच्या खिडकीत चालतात, त्यांना हात लावायची गरज नाही. ऑटोरन्स इन्स्टॉल करावं लागत नाही आणि नको झालं की फोल्डर काढून टाकलं की झालं.

फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. नुसतं डबल क्लिक केलंत तर सगळं दिसेल, पण टिक काढताना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येईल. पहिल्यांदा अटी येतील, त्या मान्य करा.

५. उघडल्यावर घाबरू नका

ओळीच ओळी दिसतील. खाली डाव्या कोपऱ्यात ‘रेडी’ येईपर्यंत थांबा. तोवर यादी भरत असते.

पहिलं काम: ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह’ करा आणि नावात आजची तारीख घाला. ही आज सगळं कसं होतं याची नोंद, शेवटच्या पायरीला ती लागेल.

दुसरं काम: ‘ऑप्शन्स’ मेनूत ‘हाइड विंडोज एन्ट्रीज’ वर टिक आहे ना ते पाहा. बहुधा असतेच. ती काढू नका. विंडोजच्या स्वतःच्या नोंदी तिच्यामुळे नजरेआड राहतात. त्याच्याच शेजारी ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ आहे. तिलाही टिक केलीत तर वनड्राइव्ह आणि टीम्ससारखे मायक्रोसॉफ्टचे इतर प्रोग्रॅमही लपतात. नवख्यांनी पहिल्या खेपेला दोन्ही टिक ठेवाव्यात. यादी एकदम आटोक्यात येते.

वर टॅब आहेत. तुमचं काम ‘लॉगऑन’ आणि फार तर ‘शेड्युल्ड टास्क्स’ एवढ्यापुरतंच. ‘सर्व्हिसेस’ नुसती वाचा. ‘ड्रायव्हर्स’, ‘विनलॉगऑन’, ‘बूट एक्झिक्यूट’, ‘एलएसए प्रोव्हायडर्स’ हे टॅब तुमच्यासाठी नाहीत असं समजा. तिथली एखादी टिक काढल्यावर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

घरात एकाच लॅपटॉपवर दोघातिघांची खाती असतील तर मेनूतला ‘यूजर’ नक्की बघा. आईच्या खात्यातून उघडून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून मुलाचा पासवर्ड टाकला, तर यादी मुलाच्या खात्याची दिसते आणि आईच्या खात्यातला गोंधळ तसाच राहतो.

६. पिवळ्या आणि गुलाबी ओळींचा अर्थ

पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, पण तिने दाखवलेली फाइलच डिस्कवर नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त बँकवाल्या काकांच्या लॅपटॉपवर लॉगऑन टॅबमध्ये एका प्रिंटरच्या शाई-सूचकाची ओळ पिवळी होती. ‘काका, हा प्रिंटर कुठेय?’ तर म्हणाले, ‘अगं, तो कधीच भंगारात दिला.’ प्रिंटर गेला, सॉफ्टवेअर काढलं, पण नोंद उरली आणि विंडोज दर वेळी त्या नसलेल्या फायलीला हाक मारत राहिलं. अशा नोंदीची टिक बेलाशक काढा. यामुळे वेग फार वाढेल असं नाही, पण यादी स्वच्छ होते आणि पुढचं नीट दिसतं.

गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याची, माहिती नाही किंवा त्याच्या डिजिटल सहीची खात्री पटलेली नाही. गुलाबी दिसलं की व्हायरस, असं समजणारे पुष्कळ जण मला भेटलेत. ते खरं नाही. लहान कंपन्यांची हिशेबाची सॉफ्टवेअर, जुनी टायपिंगची साधनं, एखाद्या उपकरणाबरोबर सीडीवर आलेला प्रोग्रॅम, यांवर डिजिटल सही नसणं अगदी नेहमीचं आहे. गुलाबी म्हणजे ‘जरा चौकशी कर’ एवढंच.

चौकशीची पद्धत अशी. ओळीवर एकदा क्लिक करा आणि ‘इमेज पाथ’ वाचा. फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या ओळखीच्या नावाच्या फोल्डरात असेल तर चिंता कमी. ती ‘टेम्प’ फोल्डरात असेल, किंवा नाव नुसत्या विस्कळीत अक्षरांचं असेल, तर संशय रास्त आहे. मग ‘ऑप्शन्स’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ आणि ‘चेक व्हायरसटोटल’ लावा. व्हायरसटोटल ही गूगलच्या मालकीची सेवा एकाच फायलीबद्दल अनेक अँटिव्हायरसांचं मत सांगते. उत्तर अपूर्णांकासारखं दिसतं: खाली किती जणांनी तपासलं, वर किती जणांनी आक्षेप घेतला. वर ० असेल तर बरं. १ किंवा २ असतील तर तो चुकीचा इशाराही असू शकतो. १०-१५ असतील तर मात्र टिक काढून लगेच अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावा. तिथेच ‘सबमिट अननोन इमेजेस’ नावाचा पर्याय आहे, तो लावू नका. तो तुमच्या लॅपटॉपवरच्या फायली बाहेर पाठवतो. नुसत्या ‘चेक’मध्ये फायलीची ओळख पटवणारा छोटा सांकेतिक ठसा (हॅश) तेवढा जातो, फाइल जात नाही.

७. काय ठेवायचं, काय बंद करायचं

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते या पायरीवर, म्हणून इथे सावकाश जाऊ या. ‘काय बंद करू’ हा प्रश्न नंतर. आधी तुमचं रोजचं काम ज्यावर चालतं त्या वस्तूंची यादी वहीत करा आणि त्यांचे प्रोग्रॅम शोधून त्यांच्यापुढे ‘ठेवायचं’ लिहा.

*डिजिटल सहीचं टोकन.* जीएसटी, आयकर किंवा कंपनी व्यवहारांच्या पोर्टलवर सही करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर टोकनचा छोटा प्रोग्रॅम आणि सही करवून घेणारी ‘एमसाइनर’सारखी युटिलिटी असते. टोकनचा प्रोग्रॅम बंद केला तर टोकन लावूनही पोर्टलला सर्टिफिकेट न दिसण्याची शक्यता असते. मग शेवटच्या तारखेला रात्री दहा वाजता दोष पोर्टलला दिला जातो. हा प्रोग्रॅम ठेवा.

*बोटाच्या ठशाचं यंत्र.* पेन्शनचा हयातीचा दाखला घरून भरणारे, किंवा एमपी ऑनलाइनचं केंद्र चालवणारे, यांच्याकडे हे यंत्र असतं. त्याची ‘आरडी सर्व्हिस’ चालू नसेल तर आधारची खातरजमा होतच नाही. सर्व्हिसेस टॅबमध्ये हात घालू नका असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण. या नोंदींची नावं पाहून त्यांचा ठशांच्या यंत्राशी संबंध असेल असं वाटतही नाही.

*मराठी टायपिंग.* बराह, आयएसएम किंवा कृतिदेवासाठी बसवलेला एखादा कीबोर्ड प्रोग्रॅम सुरुवातीलाच उठत असेल तर तो ठेवा. तो बंद झाला की वर्डमध्ये अचानक इंग्रजीच उमटतं आणि दोष कीबोर्डला जातो. तुम्ही फक्त उच्चाराप्रमाणे टाइप करत असाल, तर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजचा स्वतःचा ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड मिळतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा, तो कीबोर्ड काही दिवस वापरून पाहा, हात बसला की मगच जुना प्रोग्रॅम बंद करा. ‘सीटीएफमॉन’ हे नाव कुठे दिसलं तर त्याला हात लावू नका. भाषा बदलण्याचं काम तेच करतं.

*अँटिव्हायरस.* क्विक हील असो, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असो, याची टिक कधीही काढायची नाही. लॅपटॉपबरोबर आलेला मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आणि नंतर विकत घेतलेला दुसरा, असे दोन असतील तर ते एकमेकांच्या पायात येतात. पण त्यावर उपाय ऑटोरन्स नाही. नको असलेला ‘अ‍ॅप्स’मधून रीतसर अनइन्स्टॉल करा.

*टचपॅड, आवाज, ग्राफिक्स.* सिनॅप्टिक्स, एलान, रियलटेक, इंटेल ही नावं दिसली की पुढे जा. त्यातले काही प्रोग्रॅम बंद करूनही चालतं, पण मिळणारा फायदा किरकोळ आणि डोकेदुखी मोठी.

*वनड्राइव्ह.* ही मायक्रोसॉफ्टची फायली इंटरनेटवर ठेवायची सोय. इथे विचार करा. अनेक लॅपटॉपांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हमध्ये गेलेली असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. फायलींवर ढगाचं किंवा हिरव्या बरोबरच्या खुणेचं चिन्ह दिसत असेल तर वनड्राइव्ह बंद करू नका. बंद केलंत तर फायलींच्या प्रती वर जाणं थांबेल आणि फक्त ढगाचं चिन्ह असलेल्या फायली उघडायला अडचण येईल. तुम्ही वनड्राइव्ह वापरतच नाही अशी खात्री असेल तरच बंद करा.

आता बंद करण्याजोगं. गाणी, गप्पा आणि मीटिंगची अ‍ॅप्स. खेळांचे लाँचर. फोन जोडल्यावर उठणारे मदतनीस, घरात तो फोनच नसेल तर. प्रिंटरची शाई दाखवणारे आणि नवी काडतुसं घ्या म्हणणारे प्रोग्रॅम. लॅपटॉप कंपनीने नोंदणी किंवा ऑफर यांची आठवण करून द्यायला बसवलेले प्रोग्रॅम. यांतलं काहीही बंद केलं तरी विंडोजचं काही अडत नाही.

शेड्युल्ड टास्क्समध्ये अपडेट करणाऱ्यांच्या नोंदी दिसतील. ब्राउझरच्या अपडेटची नोंद ठेवा. बँकेचे व्यवहार त्यातूनच होतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथूनच येतात.

*दुरून चालवायची साधनं.* यावर मला जास्त बोलायचं आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही साधनं चांगली आहेत. मी स्वतः व्यापाऱ्यांना मदत करताना ती वापरते. पण सॉफ्टवेअरवाला मुलगा येतो, काम सोपं व्हावं म्हणून हे बसवतो, जमल्यास कायमचा पासवर्डही लावून ठेवतो, काम संपतं आणि ते साधन मात्र दर वेळी लॅपटॉपबरोबर सुरू होत राहतं. काकांच्या लॅपटॉपवर अशी दोन होती, दोन वेगळ्या माणसांनी बसवलेली, आणि त्याच लॅपटॉपवर ते पेन्शनच्या खात्याचं नेटबँकिंग करत होते. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या मोबाइल अ‍ॅपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. संगणकावरही धोक्याचं स्वरूप तेच. असं काही सापडलं तर नुसती टिक काढून थांबू नका, अनइन्स्टॉलच करा. पुन्हा गरज पडली तर पाच मिनिटांत उतरवता येतं.

आणि जे नाव काय आहे तेच कळत नाही? ते ठेवा. ओळीवर राइट क्लिक केलं की ‘सर्च ऑनलाइन’ मिळतं. त्यातूनही समाधान झालं नाही तर वहीत लिहून कोणाला तरी विचारा. अनोळखी म्हणून बंद केलेल्या गोष्टींनीच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

८. टिक काढा, डिलीट करू नका

ऑटोरन्समध्ये टिक काढणं आणि डिलीट करणं यात फार अंतर आहे. टिक काढली की नोंद जपून बाजूला ठेवली जाते आणि पुन्हा टिक केली की जागेवर येते. डिलीट केलेली नोंद परत येत नाही. कीबोर्डवर डिलीटची कळ चुकून दाबली जाते, तेव्हा विचारणा आली तर न वाचता ‘येस’ म्हणू नका.

एका वेळी चार-पाच टिकाच काढा, वहीत लिहा, रीस्टार्ट करा. लगेच पुढच्या फेरीला बसू नका. दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा: प्रिंट काढा, टोकनने सही करा, मराठी टाइप करा, हेडफोन लावा, मीटिंगला बसा. सगळं ठीक असेल तर पुढच्या चार-पाच. घाईघाईने तीस टिका काढल्या आणि मग आवाज येईनासा झाला, तर तीसपैकी कोणती जबाबदार ते शोधायला अख्खा रविवार जातो.

९. बंद केलं तरी परत येतं

काही प्रोग्रॅम स्वतःची नोंद पुन्हा घालतात. त्यांचं बटण त्यांच्याच सेटिंग्जमध्ये असतं. टेलिग्राम, झूम, स्पॉटिफाय, टीम्स यांच्या सेटिंग्जमध्ये ‘सुरुवातीला चालू हो’ अशा अर्थाचा पर्याय शोधा आणि तिथे बंद करा. क्रोममध्ये ‘सिस्टिम’ विभागात ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली अ‍ॅप्स चालू ठेवा’ या अर्थाचा पर्याय आहे. एजमध्ये त्याच विभागात ‘स्टार्टअप बूस्ट’ असतं.

कधी यादीत काहीच नसतं आणि तरी कालच्या खिडक्या आज आपोआप उघडतात. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘साइन-इन ऑप्शन्स’ इथे ‘रीस्टार्ट होणारी अ‍ॅप्स आपोआप जपून ठेवा’ असा पर्याय चालू असेल. तो बंद करा.

१०. काही बिघडलंच तर

ऑटोरन्स पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, वही समोर ठेवा, शेवटच्या फेरीतल्या टिका परत करा आणि रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा इथेच निभावतं.

पासवर्ड टाकल्यावर पडदा अडकत असेल तर लॉगिनच्या पडद्यावरच पॉवरच्या चिन्हावर जा आणि शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडा. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. हा सेफ मोड. यात मोजक्याच गोष्टी सुरू होतात. या वाटेत बिटलॉकरची की मागितली जाऊ शकते, तेव्हा कपाटातला तो कागद काढा. सेफ मोडमध्ये ऑटोरन्स चालतं, टिका परत करा. तरीही जमलं नाही तर त्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ आहे. दुसऱ्या पायरीत केलेला पॉइंट तिथे दिसेल.

११. पुढे नवं काय शिरलं ते पाहायला

नवं सॉफ्टवेअर बसवताना शेवटच्या पानावर ‘लाँच अ‍ॅट स्टार्टअप’ अशी टिक आधीच केलेली असते, ती तिथेच काढा. आणि दिवाळीच्या साफसफाईला, मार्चअखेर झाल्यावर, किंवा लॅपटॉप पुन्हा रेंगाळायला लागला की ऑटोरन्स उघडून ‘फाइल’ मेनूतून ‘कंपेअर’ निवडा आणि पाचव्या पायरीत जपून ठेवलेली तारखेची फाइल दाखवा. मधल्या काळात जे जे नव्याने आत आलं, त्या ओळी हिरव्या दिसतात. पूर्ण यादी पुन्हा वाचत बसायची गरज नाही, फक्त हिरव्या ओळी सहाव्या आणि सातव्या पायरीप्रमाणे तपासा आणि काम झालं की नव्या तारखेने पुन्हा सेव्ह करा.